‘बद्दल’, ‘बरोबर’ आणि ‘मार्फत’

मराठी व्याकरणातील सर्वांत दुर्लक्षित प्रकरण कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी शब्दयोगी अव्ययांचे नाव घेईन. नाम, क्रियापद, विशेषण ही सारी भारदस्त मंडळी. वर, खाली, कडे, साठी, बद्दल, बरोबर हे शब्द म्हणजे लग्नघरातील पाणके. सारे कार्य त्यांच्यावर चालते, पण पंगत बसली की त्यांची आठवण कोणी काढीत नाही. मीही काढीत नव्हते. मी भोपाळात शाळेमध्ये इंग्रजी शिकवते आणि रविवारी दुपारी आमच्या वसाहतीतील मराठी मुलांना घरी बसवून मराठी लिहावयास-वाचावयास शिकवते. या बारीक शब्दांकडे माझे लक्ष वेधले ते एका मुलीच्या पत्राने. ती हकिगत माझ्याच चुकीची आहे, म्हणून ती आधी सांगून टाकते.

मुलगी अकरा वर्षांची. आजोळ नागपूरचे. ‘आजीला मराठीत एक पत्र लिहून आण,’ असे मी तिला सांगितले होते. तिने पान भरून पत्र आणले. ‘मी आईशी विचारले, आपण नागपूरला केव्हा जाणार. आता मी ताईशी उंच झाले आहे. सोमवारला माझी परीक्षा आहे. मला पालीशी भीती वाटते.’ अशा पद्धतीचे ते पत्र होते. मी लाल शाईची लेखणी घेतली आणि एकेक शब्द छाटीत गेले. ‘आईला विचारले’, ‘ताईपेक्षा उंच’, ‘सोमवारी परीक्षा’, ‘पालीची भीती’. काम संपले तेव्हा पानावर निळ्या शाईपेक्षा लालच जास्त होती. ते पत्र नागपूरला गेले नाही. पुढचे पत्र तिने हिंदीत लिहिले, हे मला तिच्या आईकडून कळले. आणखी काही रविवार गेले आणि ती यावयाची थांबली. ‘मराठी मला येत नाही,’ एवढेच तिने आईला सांगितले.

हे वाक्य माझ्या मनाला लागून राहिले. त्या पत्रात एकही नाम चुकले नव्हते, एकही क्रियापद चुकले नव्हते. चुकले होते ते केवळ शब्दांच्या शेपटाला लागणारे चिमुकले जोड. मग मी स्वतःलाच विचारले, की हे जोड अखेर कोणी ठरविले?

प्रथम चुकीचे मूळ पाहू. हिंदीत ‘से’ हा एकटा शब्द पुष्कळ कामे करतो. चाकू से काटो, भैया से बात करो, घर से आओ, सुबह से बैठा है, दीदी से ऊँची. याच पाच ठिकाणी मराठीत पाच निरनिराळे जोड लागतात. चाकूने काप, दादाशी बोल, घरून ये, सकाळपासून बसला आहे, ताईपेक्षा उंच. भोपाळातील मराठी मूल दिवसभर शाळेत, मैदानात आणि बाजारात एका ‘से’वर निभावून नेते. संध्याकाळी घरी आले, की त्या एका नोटेची पाच सुटी नाणी करण्याचे काम त्याच्यावर येऊन पडते. त्या मुलीने पाचांतले एक नाणे उचलले आणि ते सगळीकडे चालविले. तिच्या चुकीतही एक व्यवस्था होती. मला ती दिसली नाही.

आता जुन्या मराठीकडे वळू. शाळेत आपण सर्वांनी द्वितीयेचे प्रत्यय घोकले आहेत : स, ला, ते. यातील ‘ते’ आपण बोलताना कधी वापरला आहे काय? ‘मी रामाते हाक मारली’ असे कोणी म्हणत नाही. तरीही तो तक्त्यात बसला आहे, कारण तो ज्ञानेश्वरीच्या काळातील मराठीचा प्रत्यय आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ‘मला’ या अर्थी ‘मातें’ येते आणि ‘त्याला’ या अर्थी ‘तयातें’. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहून ही रूपे उलगडून दाखविली. ‘तयासी’ हे रूपही त्या काळी ‘त्याला’ या अर्थी चाले. ज्याला सांगावयाचे, ज्याला पुसावयाचे, त्याला ‘सी’ लावीत. म्हणजे ‘आईशी विचारले’ हे कानाला जितके परके वाटते, तितके ते सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी कानाला वाटले नसते. आमच्या मुलीचे ‘शी’ ज्ञानेश्वरीतून आले असे मात्र कोणी समजू नये. ते हिंदीच्या ‘से’वरूनच आले आहे. माझे म्हणणे इतकेच, की आज आपण जी रेघ अढळ समजतो, ती एके काळी दुसरीकडे होती.

आज सर्वत्र मिरविणाऱ्या ‘ला’चीही गोष्ट अशीच आहे. जुन्या मराठीत ‘लागी’ असा शब्द होता. ‘तुजलागी’ म्हणजे तुझ्यासाठी, तुला. लागणे म्हणजे चिकटणे, स्पर्श करणे. त्याचेच हे भावंड. आपला ‘ला’ या ‘लागी’पासून झिजून आला, असे मत पुष्कळ अभ्यासकांनी मांडले आहे. पाहता पाहता या ‘ला’ने ‘ते’ला घराबाहेर काढले, ‘स’ला पुस्तकात बसविले आणि आता तो स्थळाच्या व काळाच्या ओसरीवरही पाय पसरतो आहे. ‘मी पुण्याला गेलो’ हे तर खरेच, पण ‘मी पुण्याला राहतो’ हेही आपण बिनदिक्कत म्हणतो. मग नागपूरकडचे लोक ‘सोमवारला’ म्हणाले, तर तो त्याच चालीचा पुढचा पाय झाला. त्या मुलीचे ‘सोमवारला’ कदाचित हिंदीचे नसेलच. ते तिच्या आजीच्याच तोंडचे असेल. आजीचा शब्द मी आजीच्या पत्रातून खोडला असेन, हे मनात आले तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले.

श्रोतेहो, हे बारीक शब्द आभाळातून पडत नाहीत. बहुतेक वेळा ते एके काळचे पुरते, धट्टेकट्टे शब्द असतात. ‘पावसामुळे’ यातील ‘मुळे’ म्हणजे झाडाचे मूळ. ज्याच्या मुळापासून गोष्ट उगवली, ते तिचे कारण. ‘पासून’ आणि ‘पाशी’ यांच्या पोटात संस्कृतातील ‘पार्श्व’ आहे, म्हणजे कूस, बाजू. ‘कडे’ म्हणजे कड, काठ. आधी तो दिशा दाखवी. मग ‘माझ्याकडे दहा रुपये आहेत’ असा मालकी सांगू लागला. मग ‘कडून’ होऊन ‘त्याच्याकडून चूक झाली’ असा कर्ताच पुढे करू लागला. आणि ‘पेक्षा’? तो तर चक्क ‘अपेक्षा’ आहे. ‘त्याच्या अपेक्षेने हा उंच’, म्हणजे त्याच्याकडे पाहता हा उंच. मागच्या ‘त्याच्या’ने ‘अपेक्षा’तील ‘अ’ गिळला आणि ‘त्याच्यापेक्षा’ उरले. जुन्या मराठीत हे काम ‘हून’ आणि ‘परीस’ करीत. ‘त्याच्यापरीस’ आजही खेड्यापाड्यांतून ऐकू येते, आणि आपण शहरातील माणसे त्याला हसतो.

शब्द दुसऱ्या शब्दाच्या पाठीशी उभा राहिला, की त्याचे स्वतःचे वजन हळूहळू उतरते. मूळ विसरले जाते आणि नाते तेवढे शिल्लक राहते. नाते शिल्लक राहिले, की ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकू शकते. जागेवरून काळावर, काळावरून कारणावर. ‘पुढे’ म्हणजे समोर. तोच शब्द भविष्य सांगतो. ‘टेबलावर’ यातला ‘वर’ जागा दाखवितो. ‘जेवल्यावर’ यातला ‘वर’ वेळ दाखवितो.

हे केवळ मराठीत घडले असे नाही. मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून तिकडचे एक उदाहरण देते. ‘विथ’ म्हणजे ‘बरोबर’, हे आपण पाचवीच्या मुलाला शिकवितो. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘बरोबर’ या अर्थी ‘मिड’ हा निराळा शब्द होता. मध्ययुगात ‘विथ’ने हळूहळू ‘मिड’ची जागा घेतली आणि ‘मिड’ नाहीसा झाला. ‘मिडवाइफ’ या शब्दात तो अजून अडकून पडला आहे. मिडवाइफ म्हणजे प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या सोबत असणारी बाई. आणि ‘विथ’चा जुना विरोध ‘विथस्टँड’ या क्रियापदात शिल्लक आहे. त्याचा अर्थ तोंड देणे, टिकाव धरणे. विरुद्ध असणारा शब्द सोबती कसा झाला, याचे नवल वाटत असेल, तर आपल्या ‘शी’कडे पाहा. ‘तो मित्राशी बोलला’ आणि ‘तो शत्रूशी लढला’. दोन्हीकडे ‘शी’च. लढाईतही दोघे समोरासमोर येतातच. त्या एका दारातून ‘विथ’ विरोधाच्या घरातून सोबतीच्या घरात गेला असावा.

इंग्रजीत ही उलथापालथ झाली तिला राजकीय कारणही होते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात फ्रेंच आली. नामांना लागणारे जुने प्रत्यय आधीच झिजत होते, ते पुढल्या दोन-तीन शतकांत बहुतेक गळून पडले. सगळा भार नामापूर्वी येणाऱ्या छोट्या शब्दांवर आला. ‘ऑफ’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘पासून दूर’. त्याने फ्रेंचच्या वळणावर जाऊन ‘चा, ची, चे’चे काम पत्करले. पुढे त्याची दोन रूपे झाली. एक ‘एफ’ असलेले संबंध दाखवू लागले, दोन ‘एफ’ असलेले दूरपणा दाखवीत राहिले.

आमच्या घरी वसईकडून आलेली ‘क्रिस्तपुराणा’ची एक प्रत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातला माणूस १५७९ साली गोव्यास आला, आपली भाषा शिकला, आणि त्याचे ते ओवीबद्ध पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली निघाले. ती प्रत उघडली, की माझ्या मनात एक विचार येतो. या माणसाच्या मातृभाषेत छोटे शब्द नामाच्या आधी चालतात, आमच्या भाषेत नामाच्या मागून. त्याने आयुष्याच्या मध्यावर ही सारी चाल उलटी करून घेतली. त्याच्या पहिल्या वर्षांतील मराठीत किती ‘आईशी विचारले’ झाले असतील! कोणीतरी त्या वेळी त्याला हसले नाही, किंवा हसले तरी तो थांबला नाही. म्हणून ते पुराण झाले.

आता आपल्या मध्ययुगाकडे येऊ. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढे यादवांचे राज्य गेले, १३४७ साली बहमनी सत्ता उभी राहिली आणि कारभारात फारसी आली. इंग्रजीने फ्रेंचच्या सहवासात बहुतांशी आपलेच जुने शब्द ठेवून त्यांना नवी कामे दिली. मराठीने आणखी एक गोष्ट केली. तिने फारसीच्या वाटेने आलेले शब्दच उचलले, त्यांना शब्दयोगी अव्ययांच्या रांगेत उभे केले आणि त्यांचे अर्थ आपल्या घरच्या रीतीने वळविले.

‘बद्दल’ घ्या. मूळ अरबी ‘बदल’ म्हणजे मोबदला, अदलाबदल. ‘मदतीबद्दल आभार’ यात तो मोबदला अजून दिसतो. मदत घेतली, आभार दिले. पण ‘मी तुझ्याबद्दल ऐकले’ यात कोणता मोबदला? तेथे ‘बद्दल’ पुरता ‘विषयी’ झाला आहे. मोबदल्याचे मूळ काम ‘ऐवजी’कडे गेले, आणि तोही अरबी ‘इवज’ म्हणजे मोबदलाच. एकाच अर्थाचे दोन पाहुणे आले. एक आपल्या जागी बसून राहिला, दुसरा फिरत फिरत माजघरात पोहोचला.

‘मार्फत’चा प्रवास तर याहून मोठा. अरबी ‘मारिफत’ म्हणजे ज्ञान, ओळख. सूफींच्या भाषेत ईश्वराच्या प्रत्यक्ष ओळखीला हे नाव आहे. ओळखीने काम होते, म्हणून ओळखीच्या माणसा‘मार्फत’ काम झाले. ब्रह्मज्ञानाचा शब्द अर्जाच्या पाकिटावर येऊन बसला. ‘बरोबर’ मूळ फारसी. ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून उभे राहणारे दोघे ते ‘बराबर’, म्हणजे समान. ‘बरोबरी’ या शब्दात आपण ती समानता राखली आहे. पण खांद्याला खांदा लावून चालणारा सोबतही असतो, म्हणून ‘माझ्याबरोबर चल’. आणि ठरल्या मापाशी समान ते अचूक, म्हणून ‘उत्तर बरोबर’. ‘शिवाय’ अरबी ‘सिवा’पासून आला. त्याने आपल्या ‘वीण’ला कवितेत पाठविले आणि ‘वाचून’ची अर्धी जागा व्यापली.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातील फारसी संज्ञांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. अमात्य, सचिव हे शब्द रुजले. पण ‘बद्दल’ आणि ‘मार्फत’ पेशवाईच्या कागदांतूनही राहिले आणि आजही आहेत. नाम बदलता येते. ते अंगावरच्या वस्त्रासारखे असते. अव्यय सांध्यात बसलेले असते. सांधा सहजासहजी निघत नाही.

भोपाळात राहून मला या गोष्टीचे एक विशेष कौतुक वाटते. १७३८ च्या जानेवारीत या शहराजवळच्या दोराहा येथे पहिल्या बाजीरावाने निजामाशी तह केला. ‘निजामाशी तह’ आणि ‘निजामाशी लढाई’, पुन्हा तोच ‘शी’! पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतून कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. या शहरावर नवाबीतील फारसीचा आणि उर्दूचा संस्कार आहे. चौक बाजारातील दुकानदार तराजूचे दोन पल्ले ‘बराबर’ करतो. ‘इसके बदले यह ले जाइए’ म्हणतो. जे अर्थ आमच्या घरातील मराठी शब्दांनी मागे टाकले, ते रस्त्यावर जिवंत आहेत. आमच्या मुलांना एकच शब्द दोन वयांत भेटतो. घरी प्रौढ आणि बाजारात तरुण. त्यांनी गोंधळून ‘दोन्ही भाग बरोबर करा’ असे लिहिले, तर ते अगदी शब्दाच्या जन्मस्थानी जाऊन उभे राहिलेले असतात.

दर रविवारी सकाळी देवळात मी क्रुसाची खूण करते, तेव्हा माझ्या ओठांवर मराठी ‘नावाने’ येते. शेजारची बाई हिंदीत ‘नाम पर’ म्हणते. दोघींची श्रद्धा एक, खूण एक, अर्थ एक. जोड तेवढे निराळे. तिचे ‘पर’ मी कधी चूक मानलेले नाही.

याचा अर्थ, काहीही लिहिले तरी चालते असा मी घेत नाही. मी शिक्षिका आहे. ‘ताईशी उंच’ हे मराठी नव्हे, आणि तसे सांगणे माझे कर्तव्यच आहे. नागपूरच्या आजीला पत्र एका वाचनात समजले पाहिजे. पण चूक सांगणे आणि लाज देणे यांत अंतर आहे. नियम म्हणजे आजची वहिवाट. ती पाळावी, कारण तिच्यामुळे आपण एकमेकांना कळतो. मात्र ती अनादी आहे, आणि जो तिच्यावरून घसरला तो परका, असे मानू नये. ‘बद्दल’पासून ‘मार्फत’पर्यंत आपल्या वहिवाटीचा निम्मा रस्ता घसरलेल्यांच्याच पावलांनी पडला आहे.

आता माझी पद्धत मी बदलली आहे. लाल शाई ठेवून दिली. फळ्यावर मध्यभागी ‘से’ लिहिते आणि मुलांना विचारते, याची सुटी नाणी किती? मुले स्वतःच काढतात : ने, शी, ऊन, पासून, पेक्षा. एखादे मूल सहावेही शोधून आणते. मग पत्र लिहावयास सांगते आणि ते आहे तसे आधी आजीकडे जाऊ देते. दुरुस्ती दुसऱ्या पत्राच्या वेळी.

ती पहिली मुलगी अद्याप आलेली नाही. तिच्या आईला मी माझी चूक सांगितली आहे आणि निरोपही ठेवला आहे. ती आजीशी दूरध्वनीवर बोलते, हिंदीत बोलते, मधूनमधून एखादे मराठी वाक्य टाकते, असे कळते.

तेव्हा श्रोतेहो, सुट्टीत भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरहून तुमच्याकडे नातवंडे येतील, भाचरे येतील. ‘मी मामाशी विचारू?’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हणेल. हसू आले तर ते क्षणभर आवरावे, ‘मामाला विचार हो, बाळ’ असे सहज म्हणावे, आणि त्याला बोलू द्यावे. शेपटाकडचा शब्द दोन वर्षांनी सुधारतो. मिटलेले तोंड मात्र लवकर उघडत नाही.